जेर्डनच्या धाविकाचा शोध

एखादा प्राणी नामशेष झाला असें आपण समजतों, तेव्हां पुष्कळदां तो नाहींसा झालेला नसून त्याला पाहण्याची आपली वेळच चुकलेली असते. आंध्र प्रदेशांतील 'जेर्डनचा धाविक' या पक्ष्याचा इतिहास हेंच सांगतो.

थॉमस जेर्डन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यांतील शस्त्रवैद्य. त्यांना मिळालेल्या या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन कलकत्त्याचे एडवर्ड ब्लाइथ यांनीं १८४८ सालीं केलें. छातीवर दोन तपकिरी पट्टे दिसतात, म्हणून 'दोन कंठ्यांचा' या अर्थाचें लॅटिन नांव त्याला मिळालें. पुढें ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाला तो गोदावरीच्या खोऱ्यांत, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील सिरोंचाकडेहि आढळला. १९०० सालीं अनंतपूरजवळ हॉवर्ड कँपबेल यांनीं त्याची नोंद केली आणि त्यानंतर ८६ वर्षे हा पक्षी कोणाच्याहि दृष्टीस पडल्याची खात्रीची नोंद झाली नाहीं.

त्याचा शोध करणारे थोडे नव्हते. पण चूक अनुमानांत होती. त्याचा भाऊबंद, साधा धाविक, उघड्या माळावर भर दिवसां हिंडतो. तेव्हां हाहि तसाच असावा असें धरून लोक दिवसांच माळ तुडवीत राहिले. हा पक्षी मात्र काट्याकुट्यांच्या झुडुपांत राहणारा व निशाचर. दिवसां तो झुडुपाच्या सावलींत स्तब्ध बसून राहतो; त्याचा तपकिरी रंग मातीशीं इतका एकरूप होतो कीं, चार पावलांवरूनहि तो दिसूं नये.

मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण यांनीं निराळी वाट धरली. पक्ष्याचें चित्र घेऊन ते कडप्पा भागांतील खेडुतांना व पारध्यांना विचारीत फिरले. शास्त्रज्ञांना जो पक्षी सांपडत नव्हता, त्याला तेथल्या लोकांच्या तोंडीं 'कलिवि कोडि' असें नांव होतें! कलिवि म्हणजे करवंदीसारखें झुडूप आणि कोडि म्हणजे कोंबडी. जानेवारी १९८६ मध्यें रेड्डीपल्लीजवळ एका स्थानिक माणसानें रात्रीं बत्तीच्या उजेडांत असा एक पक्षी पकडून आणला. तो फार दिवस जगला नाहीं. पण जात जिवंत आहे हें सिद्ध झालें.

रात्रीं पक्षी ओळखणें सोपें नसतें. बत्तीच्या झोतांत डोळे चमकतात खरे. पण ते रातव्याचेहि चमकतात. म्हणून छातीवरचे दोन पट्टे, डोळ्यावरची रुंद पांढरी भुंवई, गळ्यावरचा तांबूस ठिपका आणि आंखूड चोंच या खुणा एकत्र पाहाव्या लागतात. पुढें २००० सालानंतर पी. जगन्नाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आणखी युक्ति योजिली. झुडुपांमधील वाटांवर बारीक मातीचे पट्टे पसरावयाचे, आणि सकाळीं त्यांवरील पाउलें टिटवीच्या व इतर पक्ष्यांच्या पाउलांशीं ताडून पाहावयाचीं. सूर्यास्तानंतर थोडाच वेळ ऐकूं येणारी त्याची दोन स्वरांची सादहि ओळखीची झाली. पक्षी न दिसतांहि त्याचा ठावठिकाणा लागूं लागला.

या पक्ष्याकरितां श्री लंकामल्लेश्वर अभयारण्य निर्माण झालें. तथापि झुडुपी रान सरकारी दप्तरांत बहुधा 'पडीक' ठरतें. २००५ च्या सुमारास तेलुगु गंगा कालव्याचें काम याच रानांत शिरलें; संशोधकांनीं हरकत घेतली आणि कालव्याचा मार्ग बदलावा लागला. कालवाहि हवा, शेतकऱ्याला पाणीहि हवें. पण जें रान रात्रीं कोणी पाहिलेंच नाहीं, तें रिकामें आहे असें दिवसां ठरविणें हा न्याय नव्हे.

२००९ नंतर पुन्हा बरीच वर्षे या धाविकाचें निश्चित दर्शन घडलें नाहीं. अशा वेळीं हा इतिहास विसरतां येत नाहीं. एकदां ८६ वर्षांच्या मौनालाच आपण मृत्यु समजलों होतों. दुसऱ्यांदा तसें मानण्यापूर्वीं झुडुपें राखणें, रात्रीं कान देणें आणि त्या रानांत राहणाऱ्या माणसांना आधीं विचारणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.