काचेमधली पट्टी

शेवरोलेची १९६३ सालची कॉर्व्हेट स्टिंग रे, बंद टपाची म्हणजे कूपे, मागून पाहिली की आधी नजरेत भरते ती मागच्या काचेच्या मधोमध बसवलेली पट्टी. टपावरून आलेली कड काचेचे दोन भाग करते आणि तशीच खाली शेपटाकडे उतरते. दिसायला फार देखणी. पण आरशातून मागे पाहणाऱ्याची पंचाईत, कारण मागची गाडी जिथे दिसायची नेमकी तिथेच पट्टी. पुढच्या वर्षी, १९६४ च्या मॉडेलमध्ये, कंपनीने ती काढली आणि अखंड काच बसवली. १९६३ ते १९६७ या पाच सालांच्या गाड्यांना अमेरिकेतले कॉर्व्हेटवाले ‘मिड-इयर’ म्हणतात, आणि त्यांतले कुठले साल खरे, हा त्यांचा जुना वाद. त्रयस्थाला हा निव्वळ काथ्याकूट वाटेल. मला तो तसा वाटत नाही. गाडीला साल चिकटवण्याची प्रथा विक्रेत्यांनी काढली ती जुनी गाडी मालकाच्या मनातून उतरावी म्हणून. मालकांनी ती प्रथा उलटी फिरवली आणि तिच्यातून जुन्या गाडीचा इतिहास वाचायला घेतला. हा वाद म्हणजे त्या वाचनातले मतभेद आहेत.

ही प्रथा मोटारीबरोबर जन्मलेली नाही. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत चालली, दीड कोटींच्या घरात निघाली, आणि तिचा सगळा डौल एकाच गोष्टीत होता: गाडी मूळची तीच, किंमत मात्र उतरत जाणारी. १९२३ साली जनरल मोटर्सची सूत्रे हाती घेतलेल्या आल्फ्रेड स्लोनने ओळखले, की ज्यांना गाडी घ्यायची होती त्यांच्यातल्या अनेकांनी ती घेतली आहे. आता विकायची ती गाडी असलेल्यालाच दुसरी. त्यासाठी दारातल्या चांगल्या चालत्या गाडीबद्दल मालकाच्या मनात किंचित नाराजी हवी. १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली रंगरूपासाठी वेगळा विभाग उघडला, आणि दर शरद ऋतूत पुढच्या सालाचे नवे रूप शोरूममध्ये मांडण्याची रीत पक्की झाली. इंजिन तेच राहिले तरी चालेल, जाळी आणि दिवे बदलले म्हणजे झाले. शेजाऱ्याच्या गाडीवरून साल ओळखता यावे आणि आपली एका सालाने मागे पडल्याचे जाणवावे, एवढेच त्या बदलाचे काम. सालाला तेव्हा भाजीच्या ताजेपणाइतकीच किंमत होती.

शेवरोले जनरल मोटर्सचीच, म्हणून १९६३ ची पट्टीही याच कारखान्यातली, पण तिच्यामागे विक्रीच्या हिशेबाबरोबर एक भांडणही होते. अर्लच्या जागी १९५८ मध्ये आलेल्या बिल मिचेलला गाडीच्या पाठीवरून एक सलग कणा वाहत यावा असे वाटत होते. काच दुभंगली नाही तर सगळी रेषाच वाया गेली, हा त्याचा हट्ट. गाडीची यांत्रिक बाजू सांभाळणारा झोरा आर्कस-डंटोव्ह शर्यतीतला माणूस. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मागे आडवा टाकलेला पाटा, आधीच्या १०२ इंचांवरून ९८ इंचांवर आणलेला व्हीलबेस ही त्याच्या बाजूची कमाई. आणि ज्या गाडीतून मागचे धड दिसत नाही तिला तो स्पोर्ट्स कार म्हणायला तयार नव्हता. पहिल्या वर्षी मिचेलची सरशी झाली. गाडी चालवून पाहणाऱ्यांनीही मागच्या दृश्याबद्दल कुरकुर केली, आणि दुसऱ्या वर्षी डंटोव्हचे खरे झाले. म्हणजे १९६३ आणि १९६४ यांतला फरक रंगसफेदीचा नव्हे. एका घरातल्या दोन मतांपैकी आधी एकाचा आणि मग दुसऱ्याचा निकाल लागला, त्याची ती नोंद आहे.

पुढची साले पाहिली तर गाडी दरवर्षी सुधारतच गेलेली दिसते. १९६३ च्या बॉनेटवर हवा न घेणाऱ्या दोन खोट्या जाळ्या होत्या. १९६४ मध्ये त्या गेल्या, पण त्यांचे खोलगट ठसे राहिले. १९६५ मध्ये तेही सपाट झाले. १९६४ ला स्प्रिंगा बदलून चाल मऊ केली. १९६५ ला चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, आणि हा बदल साऱ्यांत मोठा, कारण त्याआधी ३७५ अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन थोपवायला ड्रमच होते. १९६६ मध्ये ४२७ घनइंचांचे ‘बिग ब्लॉक’ इंजिन आले. १९६७ ला बाजूच्या पत्र्यासारख्या दिसणाऱ्या फायबरच्या अंगावर पाच उभे कल्ले उमटले, हँडब्रेक दोन सीटांच्या मध्ये आला, उगाचची सजावट आणखी कमी झाली. गंमत अशी, की १९६७ हे साल मुळात ठरलेलेच नव्हते. त्या वर्षी नवी बांधणी यायची होती. ती लांबली, म्हणून जुनीच आणखी एक वर्ष काढली. आज ‘सगळ्यांत निर्दोष मिड-इयर’ म्हणून जिचे नाव घेतात ती गाडी वेळ मारून नेण्यासाठी निघालेली आहे.

यावर पहिला आक्षेप रोकडा आहे: हा सारा बाजाराचा खेळ, पट्टी एकाच साली निघाली, दुर्मीळ झाली, म्हणून महागली, आणि मालक आपापल्या गुंतवणुकीची वकिली करतात. दुर्मीळतेचा भाव आहे हे कोण नाकारेल? पण आकडे हा युक्तिवाद पुरा होऊ देत नाहीत. १९६३ मध्ये कूपे निघाल्या १०,५९४. १९६४ मध्ये ८,३०४ आणि १९६५ मध्ये ८,१८६. मोजून पाहिले तर पट्टीवालीच सर्वांत जास्त निघालेली कूपे आहे. नुसत्या कमीपणाला मोल असते तर १९६४ ची गाडी वर हवी होती. प्रत्यक्षात पाचांत तिचीच विचारपूस सर्वांत कमी. भाव मोजदादीला मिळालेला नाही. त्या सालाबद्दल सांगण्यासारखे काही आहे, त्याला मिळाला आहे.

दुसरा आक्षेप चालवणाऱ्याचा, आणि तो अधिक वजनदार. गाडी चालवण्यासाठी असते. डिस्क ब्रेकची १९६५ हाताशी असताना ड्रमवाली, मागचे न दाखवणारी गाडी वरचढ कशी? या मुद्द्याला मान दिलाच पाहिजे. तरी तोही वाटतो तितका सरळ नाही. त्या डिस्कच्या प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन, आणि त्यांची बोअर बिडाची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की बोअरला गंज धरतो, सील झिजते आणि ऑइल झिरपू लागते. रोज पळणाऱ्या गाडीला हा त्रास कमी. आठवड्यातून एकदा झाकण काढून पुसल्या जाणाऱ्या गाडीला नक्की. शेवटी कॅलिपरला स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह बसवणे हा ठरलेला इलाज झाला. म्हणजे सुधारणासुद्धा ज्या वापरासाठी केली त्याच वापरात सुधारणा असते. गाडीचे जगणे बदलले की तिच्या गुणदोषांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि मालकांचा वाद बव्हंशी हाच हिशेब आहे.

पुस्तके जमवणाऱ्यांना हा पेच नवा नाही. वाचायला घ्यावी ती सुधारून वाढवलेली आवृत्ती. जपावी ती पहिली, मुद्रणदोषांसकट. पहिलीत लेखकाला प्रथम काय सुचले ते दिसते, शेवटचीत त्याला काय पटले ते. कॉर्व्हेटवाल्यांचे दोन पक्ष याच दोन टोकांना उभे आहेत: १९६३ वाले पहिल्या सुचण्याच्या बाजूने, १९६७ वाले शेवटच्या पटण्याच्या. १९६४ चे दुर्दैव हे, की ती मधली आवृत्ती आहे. चूक काढून टाकलेली, पण पूर्ण सुधारलेली नव्हे. बॉनेटवरचे ते रिकामे ठसे तिची ही अवस्था जगाला दाखवत राहतात. तिच्यात वाईट काही नाही. वाद घालायलाही काही नाही, आणि जिच्यावरून कोणी भांडत नाही ती गाडी मागे पडते.

१९७४ साली कॉर्व्हेट पूर्ववत करणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था निघाली, तेव्हा सालाची ही उलटापालट नियमांत बांधली गेली. तिचे परीक्षक विचारतात ते एवढेच: ही गाडी सेंट लुईसच्या कारखान्यातून निघाली त्या दिवशी अशी होती का? कारखान्याहून चकचकीत रंग दिला तरी गुण जातात. चासी नंबरातला पहिला आकडा ३ असेल तर साल १९६३, ४ असेल तर १९६४. इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर त्याच्याशी जुळला तर ‘मॅचिंग नंबर्स’. हे सोवळे अति होते, अशी टीका होते आणि ती पुष्कळदा रास्त असते. न चालणारी गाडी कितीही शुद्ध असली तरी अर्धीच गाडी. पण या सोवळ्यानेच एक गोष्ट वाचवली. साठच्या दशकात पट्टीवाल्या गाडीच्या काही मालकांनी ती पट्टी करवतीने कापून अखंड काच बसवून घेतली होती, आपली गाडी नव्या सालाची दिसावी म्हणून. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. स्लोनने जे शिकवले ते त्यांनी नीट शिकून घेतले, इतकेच. आज त्यांच्यातल्या एखाद्याची गाडी हाती आली तर नवा मालक फायबर जोडून पट्टी परत बसवतो, आणि आरशात मागचा रस्ता पुन्हा दोन तुकड्यांत दिसू लागतो.