साडेसहा इंचांचा इतिहास

उमरीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते हैदराबाद मुक्तिसंग्रामामुळे. 1948 साली स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली, ती निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याला पैसा मिळावा म्हणून. ही गोष्ट आमच्याकडच्या शाळकरी पोरांना तोंडपाठ असते. मला मात्र उमरीतल्याच दुसऱ्या एका गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे. ती प्रत्येक घरासमोर आहे, पण तिच्यावर कुणी भाषण करत नाही. ती म्हणजे जमिनीतलं साडेसहा इंच व्यासाचं भोक. बोअर.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. घर उमरीला आहे, मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर. दरवर्षी एप्रिल उजाडला की घरच्या फोनवर एकच विषय असतो: मोटर किती मिनिटं चालली? चार वर्षांपूर्वी तासभर चालायची, या उन्हाळ्यात वीस मिनिटांत हवा ओढायला लागली. पप्पांचं म्हणणं, नवा बोअर घेऊ, सहाशे फूट. मी म्हणालो, थोडं थांबा. का थांबायचं, हे त्यांना नीट सांगता यावं म्हणून मी वाचायला लागलो. त्यातून जे हाती आलं ते असं.

बोअरच्या आधी आड होता. आड म्हणजे घरातली किंवा वाड्यातली गोल, अरुंद विहीर. तो खणायचे भर उन्हाळ्यात, कारण पाणी सर्वांत खाली गेलेलं असताना जिथं लागेल तिथंच ते वर्षभर टिकेल, असा साधा हिशोब होता. कुदळ, पहार, छिन्नी आणि कठीण खडक लागला तर सुरुंग. कामाला महिने लागायचे. आणि खोलीला एक नैसर्गिक मर्यादा होती: खाली पाणी जोरात यायला लागलं की माणसाला आत उभं राहून खणता येत नसे. यंत्राने उपसा येण्याआधी आड पाण्याच्या फार खाली जाऊच शकत नव्हता. शिवाय वरून वाकून पाहिलं की पाणी दिसायचं. शेजारच्या आडात किती आहे तेही दिसायचं. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण अशा लोकांची आहे, ज्यांना आत काय आहे ते रोज दिसत होतं.

पण आडाच्या आठवणींनी हळवं होण्यात अर्थ नाही. ते दिसणारं पाणी सगळ्यांसाठी नव्हतं. कोणाचा पोहरा आत जाईल आणि कोण लांब उभं राहून वरून कुणी ओतण्याची वाट पाहील, हे जात ठरवायची. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो याच प्रश्नावर, आणि ते तर सार्वजनिक तळं होतं. दुसरं म्हणजे रोग. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाण्यात पाय बुडवून घागर भरत, आणि त्यातून नारूचा जंत एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाई. नारू देशातून हद्दपार झाल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेनं 2000 साली दिलं. त्यामागे पायऱ्यांच्या विहिरींचा वापर थांबवणं आणि बंदिस्त पाणी देणं यांचा मोठा वाटा होता.

ते बंदिस्त पाणी आलं हापशातून. या गोष्टीत मराठवाड्याचा वाटा आपल्याकडेच फार कुणाला माहीत नाही.

1960 च्या दशकातल्या दुष्काळांत देशात एक नवं यंत्र आलं. दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा पाइपच्या टोकाला लावून थेट भोकाच्या तळाशी नेतात. हातोडा वरून न मारता तळाशीच मारला जातो, आणि तीच हवा खडकाचा भुगा वर फेकते. जो काळा पाषाण फोडायला महिने लागायचे, त्यातून एका दिवसात आरपार जाता येऊ लागलं. भोकं झाली, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप टिकेनात. ते एका कुटुंबाच्या वापराच्या हिशोबाने बनवलेले होते आणि इथं अख्खं गाव दिवसभर दांडा मारत होतं. मग जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या कारखान्यात पोलादी हापसा बनला, त्याला ‘जालना पंप’ म्हणत. नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशनने त्यात सुधारणा केल्या. पुढे सोलापुरात त्याच कुळातला आणखी मजबूत पंप तयार झाला. युनिसेफच्या मदतीने 1970 च्या दशकात जो ‘इंडिया मार्क टू’ घडला, त्याचा पाया हाच सोलापूरचा पंप. तो पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला.

म्हणजे बोअर आपल्याकडे आला तो सार्वजनिक वस्तू म्हणून. 1971 साली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, 1972 चा दुष्काळ पडला आणि गावोगाव हापसे बसले. हापशाला दोर नव्हता आणि पोहराही नव्हता, त्यामुळे पाणी ‘बाटण्याचा’ मुद्दा लंगडा पडला. भेदभाव संपला नाही, रांगेत तो होताच. अनेक गावांत दलित वस्तीला वेगळा हापसा मिळाला. पण तिथं तरी दांडा आपल्या हातात होता.

मग हे सार्वजनिक भोक खाजगी कसं झालं? त्याला तीन गोष्टी कारणीभूत आहेत: वीज, गाडी आणि कायदा.

वीज आली आणि तिच्यासोबत बोअरच्या आत उतरणारी सबमर्सिबल मोटर आली. हापसा ज्या खोलीवर दमायचा तिथून पुढे मोटर आरामात काम करते. गाडी आली तमिळनाडूहून. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव बोअरच्या गाड्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ज्या जोड-गाड्या उभ्या दिसतात, एकावर रिग आणि दुसरीवर कॉम्प्रेसर, त्यांतल्या कितीतरी दक्षिणेतून आलेल्या असतात. गावातला एजंट गिऱ्हाईक गाठून देतो, पाणाड्या हातावर नारळ ठेवून जागा सांगतो, आणि रात्रभर गल्ली पांढऱ्या फफुट्यात न्हाऊन निघते. पैसे फुटावर. पाणी लागो न लागो, फूट मोजले जातात.

तिसरी गोष्ट कायदा, आणि ती सर्वांत जुनी आहे. 1843 साली इंग्लंडमध्ये लँकशायरच्या एका कापड गिरणीची विहीर आटली, कारण जवळच कोळशाची खाण खणली गेली होती. गिरणीवाला कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं हे कुणालाच कळत नाही, म्हणून ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. तेरा वर्षांनी, 1856 साली, हेन्री दार्सी या फ्रेंच इंजिनिअरने भूजल कसं वाहतं याचं गणितच मांडलं. ते आजही वापरात आहे. पण कायदा मागेच राहिला. ब्रिटिशांनी 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात तोच विचार घातला: ठरावीक प्रवाहात न वाहणारं, आपल्या जमिनीखालचं पाणी काढून घेण्याचा हक्क मालकाचा. उमरी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पण पुढे देशभर हीच समजूत रुजली. आमच्या गल्लीत आजही कुणाला विचारा, ‘माझ्या जागेत माझा बोअर’ हेच उत्तर मिळेल.

महाराष्ट्राने हे बदलण्याचा प्रयत्न केला. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. 2009 चा भूजल कायदा 2014 मध्ये लागू झाला. त्याने 60 मीटरहून, म्हणजे साधारण 200 फुटांहून जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ असं वेगळं काढलं आणि शेती-उद्योगासाठी ती घेण्यावर निर्बंध आणले. आमच्याकडे मात्र बोलण्याची सुरुवातच तीनशे फुटांपासून होते.

आता थोडा हिशोब, कारण पप्पांना मी तोच दाखवला. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. तीनशे फूट बोअर काठोकाठ भरला तरी दोन हजार लिटरसुद्धा होत नाही. दहा फूट व्यासाच्या आडात तेवढ्याहून जास्त पाणी फक्त एका फुटात मावतं. बोअर ही टाकी नाहीच, तो फक्त स्ट्रॉ आहे. टाकी म्हणजे आजूबाजूचा खडक, आणि ती टाकी सगळ्या गल्लीची एकच आहे.

आणि आपला खडक कसा आहे? मराठवाड्याच्या बहुतेक भागात ज्वालामुखीच्या लाव्हाचे एकावर एक थर आहेत. वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर पाणी धरतो. मधला मांजऱ्या खडक थोडं धरतो. अखंड काळा पाषाण जवळजवळ काहीच धरत नाही. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे ग्रॅनाइट सुरू होतो, तिथंही पाणी भेगांतच. त्यामुळे दुप्पट खोल गेलं म्हणजे दुप्पट पाणी मिळेल असं नाही. खोलवर एखादी भेग लागली तर त्यातलं पाणी फार जुनं असू शकतं आणि एकदा उपसलं की लवकर भरत नाही. ग्रॅनाइटच्या भागात खोल पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याचा धोकाही असतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते दातांना आणि हाडांना बाधतं, म्हणून नव्या बोअरचं पाणी पिण्याआधी तपासून घ्यावं.

या सगळ्याचा शेवट कुठं होतो ते 2016 साली शेजारच्या लातूरने पाहिलं. मांजरा धरण कोरडं पडलं, टाक्यांवर जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. तोच आकडा दुसऱ्या बाजूने पाहा: हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 74 हजार लिटर होतात. म्हणजे सरासरी पावसाच्या वर्षात अशा सातच घरांच्या छपरांवर त्या पहिल्या गाडीइतकं पाणी पडतं आणि गटारीत जातं.

म्हणून मी थांबा म्हणालो. सहाशे फुटांच्या पैशातून आधी जुन्या बोअरचं काम करू, असं ठरलं. कॉम्प्रेसरने फ्लशिंग करून तळाचा गाळ काढला. मोटर तळापासून वीस फूट वर टांगली, म्हणजे गाळ ओढणार नाही. पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं पॅनल बसवलं. केसिंगच्या भोवती सिमेंटचा ओटा केला, म्हणजे अंगणातलं सांडपाणी कडेने आत उतरणार नाही. स्लॅबचा पाइप वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडला. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला वेगळा वॉल ठेवला.

आजीला हे पटलं. आमचा आड 90 च्या दशकात बुजवून त्यावर फरशी टाकली, तेव्हा तिनं कुणाला बोलू दिलं नव्हतं म्हणतात. मी शोषखड्डा दाखवला तर म्हणाली, “एवढंच करायचं होतं तर आड कशाला बुजवला रे तुम्ही लोकांनी?”

पप्पा अजून पूर्ण मानलेले नाहीत. त्यांची शंकाही खरी आहे: आपण पाणी मुरवायचं आणि शेजारच्याने सहाशे फुटांवरून ओढायचं, तर आपल्याला काय मिळालं? याला एकट्या घराकडे उत्तर नाही. म्हणून मी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक शीट टाकली. बोअर किती फूट, केसिंग किती, कधी घेतला, आणि दर महिन्याच्या एक तारखेला पाण्याची पातळी. पातळी मोजायला बारीक दोरी आणि टोकाला एक छोटा नट पुरतो, मोटर बंद ठेवून टोपणाच्या भोकातून सोडायचा. चार घरांनी आकडे भरले. एका काकांनी सरळ विचारलं, “आमच्या बोअरमध्ये किती पाणी आहे ते तुला कशाला पाहिजे?”

त्यांचा राग मला समजतो. पावणेदोनशे वर्षं कायदा त्यांच्याच बाजूने बोलत आलाय. पण त्या चार घरांच्या आकड्यांत एक गोष्ट दिसते: मे महिन्यात चारही बोअरची पातळी जवळजवळ एकाच हिशोबाने खाली गेली, मग बोअर दोनशे फूट असो की चारशे. पुढच्या एक तारखेला मी ती शीट पुन्हा ग्रुपवर टाकणार आहे, काकांच्या घराची ओळ रिकामी ठेवून.