भुईमुगातील नत्र व्यवस्थापन

भुईमूग हे शेंगवर्गीय पीक असल्याने त्याला लागणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतून मिळवून देतात. म्हणून रासायनिक नत्र अल्प प्रमाणात आणि पेरणीच्या वेळीच देतात. महाराष्ट्रातील सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद अशी आहे. भंडारा जिल्हा प्रामुख्याने धानाचा. धानाला नत्राची शिफारस हेक्टरी सुमारे १०० किलो असते. धानानंतर त्याच बांधीत उन्हाळी भुईमूग घेताना युरिया देण्याची तीच सवय राहिली, तर पीक हिरवेगार दिसते, पण शेंगा कमी लागतात.

== गाठी व आऱ्या ==
भुईमुगाच्या गाठींत ब्रॅडीरायझोबियम गटातील जिवाणू असतात. बाजूची मुळे फुटताना पडणाऱ्या सूक्ष्म भेगांतून ते आत शिरतात. उगवणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी गाठी दिसू लागतात. तोवर रोपाची गरज भागावी, एवढाच २५ किलोंच्या मात्रेचा हेतू. गाठ कापल्यावर आतून गुलाबी किंवा तांबूस दिसली तर ती कार्यरत समजावी. जमिनीत नत्र मुबलक असले की गाठी कमी धरतात, पाला माजतो आणि पक्वता लांबते. फुलानंतर निघणारी आरी मातीत शिरल्याशिवाय शेंग धरत नाही, आणि उंच वाढलेल्या झाडाच्या वरच्या आऱ्या मातीपर्यंत पोहोचतच नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेला टीएजी-२४ हा वाण बुटक्या ठेवणीचा आहे.

== धानाच्या बांधीत ==
चिखलणी करून दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत या जिवाणूंची संख्या घटलेली असू शकते. अशा ठिकाणी युरिया वाढवण्यापेक्षा बीजप्रक्रिया अधिक उपयोगी ठरते. प्रथम बुरशीनाशक लावून, नंतर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धक चोळतात व बियाणे सावलीत सुकवतात.

पाने पिवळी पडताच युरिया टाकणे ही नेहमीची चूक होय. नत्राच्या कमतरतेत जुनी, खालची पाने सर्वत्र फिकट होतात; कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. ओलावा साचलेल्या बांधीत ती विशेष दिसते. तेथे पाण्याचा निचरा आणि फेरस सल्फेटची फवारणी हा उपाय आहे.

डायअमोनियम फॉस्फेटमधून ५० किलो स्फुरद दिल्यास सुमारे २० किलो नत्र त्यातूनच मिळते, म्हणजे युरिया जेमतेम १२ किलो लागतो. मात्र त्यात गंधक व कॅल्शियम नसल्याने तेलबियांसाठी सिंगल सुपर फॉस्फेट सरस ठरते. ते वापरल्यास युरिया सुमारे ५४ किलो लागतो.

काढणीनंतर पाला जमिनीत गाडला तर पुढील धानाला त्यातील नत्र मिळते. चाऱ्यासाठी नेला तर ते शेताबाहेर जाते.