सिगारेटच्या नांवानें निघालेलीं गाणीं

विसरलेलें संगीत उकरून काढून पुन्हां वाजविण्याचा छंद हल्लीं देशोदेशीं बळावला आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं २०१० सालीं 'दि बॉम्बे रॉयल' नांवाचा ताफा उभा राहिला. मुंबईच्या जुन्या चित्रपटांतील संगीत हेंच त्याचें भांडवल. अमेरिकेंतील 'नाऊ-अगेन' कंपनीनें २०११ सालीं मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या संघाचीं गाणीं नव्यानें प्रसिद्ध केलीं. ज्या गाण्यांची घरीं फारशी विचारपूस झाली नाहीं, त्यांस परदेशीं मान मिळाला.

या संगीताचा उगम मौजेचा आहे. १९६५ सालीं बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन यानें एका गीतांत सतार वाजविली व पुढील वर्षीं तो रविशंकरांकडे शिकूं लागला. सतारीचा झणत्कार, विजेच्या गिटारीचा मुद्दाम फाटका केलेला स्वर आणि घुमणारे प्रतिध्वनि यांनीं ऐकणाऱ्याचें भान हरपावें, अशी जी शैली तेव्हां निघाली, तीस 'सायकेडेलिक' म्हणतात. इकडून सतार गेली. बदल्यांत मुंबईच्या तरुणांनीं गिटार घेतली! परदेशी वाद्यें दुर्मिळ, तेव्हां ध्वनिवर्धकापासून सारी जुळवाजुळव करावी लागे. जालन्यासारख्या पेठेंत (जालना तेव्हां औरंगाबाद जिल्ह्यांत होतें) असलें गाणें ऐकावयाचें, तर मुख्य आधार सिलोन रेडिओचा.

या तरुणांस आश्रय दिला तो कोणा संस्थानिकानें नव्हे, तर 'सिमला' सिगारेटच्या उत्पादकांनीं. त्यांच्या 'सिमला बीट' स्पर्धेची अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहांत होई. जेथें एरवीं रागदारीच्या मैफली रंगत, तेथें शिलाँग, मद्रास, अहमदाबाद येथून आलेले संघ इंग्रजी गाणीं गाऊं लागले. १९७० व १९७१ या सालांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्यांतील कांहीं गाणीं उसनीं, कांहीं स्वतःचीं. जाहिरातीचें काम झाल्यावर त्या विस्मृतींत गेल्या. पुढें परदेशीं त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, म्हणूनच तें गाणें आज ऐकावयास मिळतें.

हें सारें अनुकरणच होतें, असें म्हणून नाक मुरडणें सोपें आहे. पण मराठी संगीत नाटकानेंही पारशी व कानडी रंगभूमीच्या चाली घेतल्याच होत्या. प्रश्न घेण्याचा नव्हे, पचविण्याचा. आणि तो पचविणारा एक मराठी गायक निघाला. नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे 'व्हेल्व्हेट फॉग' या संघांत गात असत. १९७४ सालीं 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या इंग्रजी संगीतिकेंत त्यांनीं जुडासची भूमिका केली. १९७८ सालीं पुण्याच्या थिएटर अकॅडमीनें पु. ल. देशपांडे यांचें 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणलें; ब्रेख्तच्या १९२८ मधील जर्मन संगीतिकेचा हा मराठी अवतार. भास्कर चंदावरकर व आनंद मोडक यांजबरोबर भेंड्यांनींही त्यास संगीत दिलें. नाट्यपदें, तमाशाचा ठेका आणि गिटार एकाच रंगमंचावर मराठी शब्द घेऊन नांदूं लागलीं.

नव्या ताफ्यांस जुना आवाज हुबेहूब साधतो, परंतु या नाटकानें केलेलें काम त्याहून अवघड होतें. नंदू भेंडे २०१४ सालीं निवर्तले.