बैलघोडा हॉस्पिटल ते अ‍ॅनिमल हाऊस

मुंबईच्या परळमध्ये ‘रेसिडेंट’ म्हटलं की केईएम रुग्णालयाचा निवासी डॉक्टर डोळ्यांसमोर येतो. रात्रभर जागलेला, टपरीवर चहा घेतानाही फोनवर वॉर्डातल्या रुग्णाची चौकशी करणारा. पुस्तकातलं वैद्यक हातात उतरतं ते रुग्णाच्या उशाशी काढलेल्या याच वर्षांत. प्रयोगशाळेतल्या मुक्या रुग्णांचं वैद्यकही याच परळमध्ये वाढलं. त्याची वाटचाल सांगताना एक गोष्ट मनाला लागते: या रुग्णांच्या उशाशी असं राहून शिकणारा निवासी डॉक्टर अजून परळला घडवायचा आहे.

सुरुवात बैलघोड्यांपासून झाली. १८७४ साली मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्थाही उभी राहिली. पुढे सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने परळला प्राण्यांचं रुग्णालय झालं. ओझ्याखाली लंगडणारे बैल आणि गाडीचे घोडे हे त्याचे रुग्ण, म्हणून लोकांनी त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं. रुग्णालयाच्या जोडीने १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला रुग्ण हाताशी मिळाला, ही या संस्थेची खरी पुंजी.

दुसरा टप्पा प्लेगने आणला. १८९६ साली साथ आली तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. ती आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

प्लेग उंदरांकडून माणसाकडे येतो कसा, याचा उलगडा करण्यात गिनीपिगांचा मोठा वाटा आहे. संशोधक ग्लेन लिस्टन यांनी प्लेगमुळे ओस पडलेल्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या. पुढे १९०५ मध्ये कामाला लागलेल्या प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यात प्लेग शिरला, दोन फुटांवरच्या पिंजऱ्यात शिरला नाही. पिसूची उडी तिथवर पोचत नव्हती. चाळीत राहणाऱ्या हजारोंच्या जिवाचा प्रश्न या मुक्या जिवांनी सोडवला. त्यांचं ऋण मान्य करायचं तर त्यांच्या वेदनेची काळजी घेणारी विद्याही जोपासली पाहिजे.

ती गरज ओळखणारं पाऊलही इथेच पडलं. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं. डॉ. वसंत खानोलकर त्याचे पहिले संचालक. तिथे डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा माग काढला तो उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासून. ‘आयसीआरसी’ हा उंदरांचा वाणही इथलाच. असा वाण राखायचा तर वंशावळ, खाद्य, रोग यांची चोख नोंद हवी. १९५७ साली प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयी माहिती देणारं देशाचं केंद्र मुंबईतच सुरू झालं.

योग असा की त्याच १९५७ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या पशुवैद्यांचं मंडळ स्थापन झालं. तिथे पदवीनंतर पशुवैद्य मान्यताप्राप्त संस्थेत दोन-तीन वर्षं रेसिडेन्सी करतो. रोज प्राण्यांची फेरी, भूल आणि शस्त्रक्रिया, शवविच्छेदन, स्वतःचं संशोधन, आणि शेवटी मंडळाची अवघड परीक्षा. आपलं केंद्र मात्र १९७६ साली हैदराबादला, राष्ट्रीय पोषण संस्थेत गेलं. तिथे त्याने प्रयोगातले प्राणी जिथे ठेवतात त्या देशभरच्या अ‍ॅनिमल हाऊसमधली माणसं तयार केली. परळच्या हातून मात्र एक धागा सुटला.

प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयीच्या १९९८ च्या नियमांनी या विद्येला कायद्याचं बळ दिलं. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती आली आणि तिच्यात प्राण्यांची देखभाल करणारा पशुवैद्य असणं बंधनकारक झालं. आता तो शास्त्रज्ञाला विचारू शकतो: उंदीर इतके कशाला? वेदनाशामक कोणतं? प्रयोग कुठे थांबवणार?

हे प्रश्न विचारायला अधिकार लागतो तशी नजरही लागते. उंदीर हा शिकार होणारा प्राणी, म्हणून तो दुखणं लपवतो. शिकलेला डोळा ते तरीही हेरतो: डोळे बारीक झालेत, कान मागे पडलेत, काल दिलेला कापूस तसाच कोपऱ्यात आहे, घरटं बांधलेलं नाही. पांढऱ्या रॅटच्या डोळ्याभोवती लालसर कड दिसली की नवखा रक्त समजून घाबरतो. जाणकाराला कळतं की हा डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव आहे आणि जनावर ताणात आहे. शेपटीला धरून उचललेला उंदीर माणसाला भितो, ओंजळीत घेतलेला लवकर रुळतो. या गोष्टी एखाद्या कार्यशाळेत ऐकून अंगी बाणत नाहीत. त्या रोज पहाटे त्याच पिंजऱ्यांपुढे उभं राहून येतात.

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आज नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. महाविद्यालयापासून हाफकिन पायी जाण्याइतकं जवळ, केईएम आणि प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही त्याच परिसरात. निवासी पशुवैद्याने शस्त्रक्रिया आणि भूल बैलघोड्यात शिकावी, लस आणि विषाणूंची शिस्त हाफकिनमध्ये, समितीपुढे ठामपणे बोलणं प्रत्यक्ष बैठकीत बसून. त्यासाठी नवी इमारत नको. या संस्थांनी मिळून दोन जागा काढल्या आणि त्यांना विद्यावेतन दिलं, तरी सुरुवात होईल. १९५७ साली आपण अमेरिकेच्या बरोबरीने उभे होतो. दोन इंच आणि दोन फुटांमधला फरक जिथे गिनीपिगांनी जगाला शिकवला, त्याच परळमध्ये त्यांच्या डॉक्टरलाही शिकायला जागा मिळावी.