वनस्पति-अर्क परीक्षण

वनस्पति-अर्क परीक्षण : औषधी म्हणून परंपरेने ख्यात असलेल्या वनस्पतींच्या मुळ्या, साली, पाने वा फळे यांपासून पाणी, मद्यार्क, मिथेनॉल इ. द्रावकांनी काढलेल्या अर्कांत जंतुरोधक, प्रतिऑक्सिडीकारक व कर्करोगविरोधी गुण कितपत आहेत, याची प्रयोगशाळेत केलेली तपासणी. वनस्पतीची ओळख जाणकाराकडून पटवून तिचा वाळवलेला नमुना दप्तरी दाखल करणे ही पहिली पायरी होय; ती चुकल्यास पुढील सर्व आकडे भलत्याच झाडाच्या नावे जमा होतात.

जंतुरोधक गुण पाहण्यासाठी अगर-माध्यमावर जंतू पसरून, त्यात पाडलेल्या खळग्यांत अर्क घालतात व रात्रभर उबवल्यानंतर भोवती उमटणाऱ्या जंतुरहित वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. परंतु वर्तुळाचा विस्तार अर्काच्या सामर्थ्याप्रमाणेच त्याच्या पसरण्याच्या शक्तीवरही अवलंबून असल्यामुळे, जंतूंची वाढ रोखणारी किमान संहती काढल्यावाचून हा पुरावा ग्राह्य धरू नये.

प्रतिऑक्सिडीकारक गुणासाठी डीपीपीएच या द्रव्याचे जांभळे द्रावण वापरतात. अर्काने ते पिवळट पडते आणि हा रंगक्षय ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजून क-जीवनसत्त्वाशी ताडतात. अर्ध्या तासात आटोपणारी ही स्वस्त कसोटी आपल्या योग्यतेहून अधिक प्रतिष्ठा पावली आहे. कारण परीक्षानळीत जे घडते, ते पचन व रक्ताभिसरण यांतून पार पडून शरीरातही घडेल, याची हमी ती देत नाही.

कर्कपेशींच्या परीक्षेत रंगांचा क्रम नेमका उलटा असतो : एमटीटी हे पिवळे द्रव्य जिवंत पेशी जांभळे करतात, आणि रंग जितका फिका तितकी पेशींची हानी मोठी मानतात. येथे एक फसगत संभवते. प्रतिऑक्सिडीकारक अर्क पेशींच्या साहाय्यावाचून स्वतःच हे द्रव्य जांभळे करू शकतो, आणि मग मृत पेशी जिवंतांच्या हिशेबी धरल्या जातात. म्हणून पेशीविरहित अर्काची तुलना आवश्यक ठरते. तोच अर्क निरोगी पेशींवरही अजमावावा लागतो, कारण सर्वच पेशींना मारणारे द्रव्य हे औषध नव्हे, विष होय.

अर्काचे विभाजन करावे, प्रत्येक अंशाची पुन्हा परीक्षा घ्यावी व गुणकारी अंशाचाच माग काढीत एका शुद्ध संयुगापर्यंत पोहोचावे, या पद्धतीचे ठळक उदाहरण कॅम्प्टोथेसिनचे. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी व त्यांचे अमेरिकन सहकारी मन्रो वॉल यांनी एका चिनी वृक्षातून हे अल्कलॉइड वेगळे केल्याचे १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य सह्याद्रीतील, दुर्गंधीबद्दल ख्यात असलेल्या नरक्यात आढळले. प्रयोगशाळेत तेजस्वी ठरलेले हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नसे. त्याचा सोडियम क्षार रुग्णांना दिला असता मूत्राशयास गंभीर इजा झाल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या. पेशीतील टोपोआयसोमरेज-१ या एंझाइमावर ते आघात करते, हे १९८५ मध्ये कळल्यावर संशोधनाने पुन्हा उचल खाल्ली आणि त्यापासून सिद्ध केलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत संमत झाली. मागणी वाढताच सह्याद्रीत मात्र नरक्याची बेसुमार तोड झाली.