वहीतली नावं

आमच्या पेण तालुक्यात काशीचा विषय निघाला की वरसईच्या गोडसे भटजींचं नाव निघायचंच. विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल, अशी बातमी होती. वाटेत बंडाची धामधूम आडवी आली. झाशीच्या वेढ्यात सापडले, कमावलेलं लुटलं गेलं आणि दोन-अडीच वर्षांनी घरी आले ते गंगेची कावड घेऊन. त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. त्यांचं 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापून काढलं, पण माझ्या आजीनं ते पुस्तक कधी हातात धरलेलं नव्हतं. तिला ही हकिकत सासूबाईंनी सांगितली होती आणि सासूबाईंना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी. आजी लुटारूंचा भाग भराभर उरकायची आणि कावडीपाशी रेंगाळायची. कावड भुईला टेकवायची नाही, रात्री फांदीला टांगायची, आणि वाटेत तहानलं कुणी भेटलं तर? तिथे हमखास पैठणच्या नाथांची गोष्ट यायची. रामेश्वराला न्यायची गंगा त्यांनी तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. हेच नाथ काशीत राहिले आणि 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेला भागवतावरची टीका त्यांनी तिथेच पुरी केली, हे मला फार पुढे वाचनातून कळलं. आजीच्या लेखी ते गाढवाला पाणी पाजणारे नाथ होते, आणि मला तेच अजून जवळचे वाटतात.

पायी काशीला जाणारा माणूस निरवानिरव करूनच निघे. परतला तर मावंदं घालायचं, गावजेवण करायचं. नाही परतला तर तिथेच सोनं झालं म्हणायचं. हे चित्र पालटलं रेल्वेनं. 1870 च्या मार्चमध्ये जबलपूरला मुंबईकडची आणि कलकत्त्याकडची लोखंडी वाट एकमेकींना मिळाली. तरीही काशीचा प्रवासी गंगेच्या पैलतीरालाच उतरे आणि नदी ओलांडून शहरात येई. 1887 साली डफरिन पूल झाला, आजचा मालवीय पूल, तेव्हा कुठे गाडी गंगेवरून जाऊ लागली. काशीला जाऊन परत येता येतं, हे आपल्याकडच्या साध्या माणसाला रेल्वेनं दाखवून दिलं. माझ्या मते गेल्या दीडशे वर्षांत काशीयात्रेत झालेला सर्वांत मोठा बदल हाच. विमानानं त्यात फक्त वेळ कमी केला.

पण वाट सोपी झाली म्हणून सगळ्यांचं जाणं झालं असं नाही. आजीच्या सासूबाईंनी जन्मभर काशीचा ध्यास घेतला होता. आज मुलांची शाळा, उद्या भाताची लावणी, परवा कुणाचं तरी बाळंतपण. 1956 च्या पावसाळ्यात त्या गेल्या. अस्थी गाडग्यात घालून परसातल्या आंब्याला टांगून ठेवल्या आणि कार्तिकात आजी आणि तिचे धाकटे दीर त्या घेऊन निघाले. आजोबांना शाळेतून रजा मिळाली नव्हती.

आजीचा हा प्रवास मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यातली स्टेशनं मला पाठ आहेत. धरमतरहून लाँचनं मुंबई, बोरीबंदरला तिसऱ्या वर्गाचा डबा. वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की दशमी प्रवासात चालते, म्हणून आदल्या रात्री ती चुलीपुढे बसून होती. इगतपुरीला विजेचं इंजिन सोडून वाफेचं जोडलं, आणि तिथून पुढे डोळ्यांत कोळशाची कसर जायला लागली. भुसावळ, इटारसी, जबलपूर, अलाहाबाद. गाडगं मात्र तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही. दीर म्हणाले, "वहिनी, थोडा वेळ माझ्याकडे द्या." ती म्हणाली, "भाऊजी, पहिल्यांदाच घराबाहेर पडल्यायत, राहू दे माझ्याजवळ." मुघलसरायला गाडी बदलली. पुलावर डब्यातली माणसं खिडक्यांशी धावली, पैसे पाण्यात पडू लागले आणि डावीकडे घाटांची ती मोठी कमान उघडली. आजीनं गाडगं खिडकीपाशी उंच धरलं. सासूबाईंना दिसावं म्हणून.

मणिकर्णिका घाटाबद्दल ती फार बोलत नसे. एवढंच सांगायची, की तिथे आग विझत नाही आणि कुणी मोठ्यानं रडत नाही.

आता मी स्वतः काशीला जाऊन तो घाट पाहिला तेव्हा मलाही तेच जाणवलं. कचौरी गलीतून उतरताना 'राम नाम सत्य है' मागून येतं आणि आपण आपोआप भिंतीला चिकटतो. खाली नावांतून आलेल्या लाकडांचे ढीग, लाकूड तोलायचे मोठे काटे. चितेला पाठ करून मुलगा खांद्यावरून मडकं मागे टाकतो आणि वळून न पाहता चालू लागतो. त्याच्यामागे लगेच दुसरी तिरडी पाण्यात बुडवून आणलेली असते. वर चक्रपुष्करिणी कुंड. सभोवती सगळीकडे आपल्याच माणसांची बांधकामं. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाईंनी हा घाट बांधून काढला. शेजारचा सिंधिया घाट बायजाबाईंचा. तो ओझ्यानं खचला, आणि जवळचं रत्नेश्वराचं देऊळ अजून तिरकं उभं आहे. या बायजाबाई म्हणजे ज्यांच्या यज्ञासाठी गोडसे भटजी घरून निघाले त्याच. आणि झाशीत ज्या राणीच्या आश्रयाला ते राहिले, ती चिमाजीअप्पांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची काशीत जन्मलेली मुलगी. तिचं माहेरचं नाव मणिकर्णिका. चुलीपुढे ऐकलेल्या गोष्टीतली माणसं अशी एका घाटावर एकत्र भेटली तेव्हा अंगावर काटा आला.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. आई, भाऊ, वहिनी, त्यांची मुलं. मुंबईहून बाबतपूरला विमान दोन-सव्वादोन तासांत उतरलं. मुलांना सारनाथ आणि नाव हवी होती, ती दोन्ही झाली. आईला आमच्या घराण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या उपाध्यायांकडे जायचं होतं.

दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बाजूला मराठी वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे. उपाध्यायांनी गाव, आडनाव, गोत्र विचारलं आणि लाल कापडाच्या बासनातून एक लांबट वही काढली. ती अरुंद बाजूनं शिवलेली, पानं वरच्या दिशेनं उलटायची. जुनी पानं मोडीत, शाई तपकिरी पडलेली. आमच्या गावाचं पान सापडलं. खापरपणजोबा कुणाबरोबर आले, त्यांचे मुलगे, नातू. मग शके 1878, कार्तिक. चुलत आजोबांचं वळणदार अक्षर, "मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो", आणि खाली सही. मातोश्रींचं नाव नाही. गाडगं मांडीवर घेऊन आलेल्या वहिनीचा उल्लेखच नाही.

आईनं ते पान दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "गुरुजी, इथे दोन नावं राहिलीयत." त्यांनी लेखणी पुढे केली. "तुम्हीच लिहा, आई." तिनं आधी पणजीचं नाव लिहिलं, मग आजीचं आणि त्यापुढे 'सोबत आली' असे दोन शब्द. शेवटी स्वतःचं, सुनेचं आणि नातीचं. नात म्हणाली, "आजी, माझं पूर्ण नाव लिही."

या वह्यांवर घराण्यांचे इतिहास लिहिले जातात, पण काशीच्या गोष्टी ज्यांनी आपल्याला सांगितल्या त्या बहुतेक घरांत बायकाच होत्या. तेव्हा गाडीनं जा की विमानानं, काशीला गेलात तर उपाध्यायांकडे वेळ काढून बसा, आपल्या गावाचं पान मागा आणि आजी, आई, बहीण, लेक, सगळ्यांची नावं स्वतःच्या हातानं लिहा. त्यासाठी कुणी अडवत नाही आणि वहीत जागा असते.